दहा दिवसांचे बाळ

आनंदीबाई जोशी १४व्या वर्षी माता झाल्या. बाळ अवघे १० दिवस जगले. १८८६ साली अमेरिकेत त्यांनी वैद्यकीय पदवी संपादन केली, तेव्हा प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. क्षयाने जर्जर होऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाची २२ वर्षेही पुरी न होता, निवर्तल्या. त्यांचे चरित्र लिहिले काशीबाई कानिटकर यांनी, पत्रांच्या आधारे. काशीबाईही विवाहानंतरच लिहू-वाचू लागलेल्या. पेढीच्या चोपडीत वैद्याचे देणे पैपर्यंत सापडते. आजारणीच्या उशाशी रात्र कोणी जागून काढली, हे त्यात कोठेच नसते. काशीबाईंच्या हाती निदान पत्रे तरी होती.