कोळिष्टकी अळंबी : विष आज, लक्षणे पंधरवड्याने

युरोपात शरद ऋतू लागला की लोक जंगलात अळंबी वेचायला निघतात. हल्ली टोपलीबरोबर मोबाइलही असतो. फोटो काढला की ॲप नाव सांगते. २०२३ मध्ये रानातील खाद्य अळंबीची, संगणकाने लिहिल्यासारखी पुस्तके ऑनलाइन विकली जाऊ लागली, तेव्हा न्यूयॉर्क मायकॉलॉजिकल सोसायटीने ती जिवावर बेतू शकतात, असा इशारा दिला. तो किती योग्य होता, हे ‘कोर्टिनेरियस’ गटावरून समजते.

या गटात दोन हजारांहून अधिक जाती आहेत. कोवळ्या अळंबीत छत्रीची कड आणि दांडा यांच्यामध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखा तलम पडदा असतो. छत्री उघडताना तो फाटतो. दांड्यावर उरलेल्या धाग्यांवर गंजाच्या रंगाचे बीजाणू साचतात. दांडा कापून छत्री रात्रभर पांढऱ्या कागदावर ठेवली, तर त्याच रंगाचा ठसा उमटतो. पण अळंबी जुनी झाली किंवा पाऊस पडला की धागे नाहीसे होतात. फोटोत ते दिसतीलच असे नाही. शिवाय गट ओळखला तरी नेमकी जात ठरवायला तज्ज्ञांनाही अनेकदा सूक्ष्मदर्शक लागतो.

यातील काही जातींमध्ये ओरेलॅनिन हे विष असते. शिजवल्याने ते जात नाही. ते मूत्रपिंडांवर घाला घालते, पण लक्षणे दोन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही दिसतात : खूप तहान, मळमळ, कंबरदुखी, मग लघवी कमी होणे. तोवर ते जेवण विसरलेले असते. म्हणूनच पोलंडमध्ये १९५०च्या दशकात शंभराहून अधिक लोक आजारी पडले, ११ दगावले, तरी कारण कळायला वेळ लागला. २००८ मध्ये स्कॉटलंडमध्ये कादंबरीकार निकोलस इव्हान्स यांनी अशीच अळंबी खाद्य समजून खाल्ली. त्यांना डायलिसिसवर राहावे लागले. पुढे मुलीने मूत्रपिंड दिले.

या विषावर उतारा नाही. म्हणून ॲपचे उत्तर हा अंदाज समजावा, खाण्याचा परवाना नव्हे. परदेशात शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींनीही हे ध्यानात ठेवावे. आणि धडधाकट माणसाची मूत्रपिंडे अचानक निकामी झाली, तर कालच्या जेवणाबरोबरच गेल्या तीन आठवड्यांत रानातले काही खाल्ले का, हेही डॉक्टरांनी विचारावे आणि रुग्णाने आठवून सांगावे.