गल्ल्यावरचा संगणक आणि मालकाचे संदेश

धानाची आवक सुरू झाली की गोंदियातील पेढ्यांवर आणि राईस मिलमध्ये बोलायलाही उसंत राहत नाही. आमगाव, गोरेगाव, तिरोड्याकडून माल येत असतो. तयार तांदळाचे ट्रक बालाघाट, राजनांदगावच्या वाटेने निघत असतात. एका पडद्यावर बिल, दुसऱ्यावर ई-वे बिल आणि त्यातच शेठजींच्या मोबाइलवर संदेशांची रीघ. अशा घाईत मोबाइलवरील संदेश गल्ल्यावरच्या संगणकावरच दिसावेत आणि उत्तरेही तेथूनच टंकता यावीत, ही सोय कोणालाही हवीशी वाटेल. सोय खरोखरच चांगली आहे. मात्र ती घेताना मोबाइलसोबत आणखी काय गल्ल्यावर येते, याचा विचार बहुतेक ठिकाणी झालेला नसतो.

संगणकावरून संदेश पाठवणे ही काही नवलाई नव्हे. जगातील पहिला एसएमएस संगणकावरूनच गेला होता. 3 डिसेंबर 1992 रोजी नील पॅपवर्थ या ब्रिटिश अभियंत्याने नाताळच्या शुभेच्छांचे दोन शब्द संगणकावर टंकून एका मोबाइलवर धाडले, कारण त्या काळच्या मोबाइलवर असा मजकूर टंकण्याची सोय नव्हती. आज तोच प्रवास उलट दिशेने होतो आहे, इतकेच.

त्याची रीत सोपी आहे. ॲन्ड्रॉइड मोबाइल असेल, तर गुगल मेसेजेसचे संकेतस्थळ संगणकावर उघडून पडद्यावरील क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करता येतो. विंडोजच्या संगणकात फोन लिंक नावाची सुविधा आहे. आयफोनधारकांना टेक्स्ट मेसेज फॉरवर्डिंगद्वारे साधे संदेश आपल्या आयपॅडवर किंवा मॅकवर घेता येतात. सिमकार्ड नसलेल्या टॅबलेटलाही अशा जोडणीने संदेश मिळू शकतात. या प्रकारांत संदेश जातो तो मोबाइलमधील सिमवरूनच. म्हणून मोबाइल चालू आणि इंटरनेटला जोडलेला असावा लागतो. व्हॉट्सॲपची तऱ्हा वेगळी. त्याला मोबाइलखेरीज चार उपकरणे जोडता येतात आणि मोबाइल बंद असला, तरी ती चालू राहतात. मूळ मोबाइल 14 दिवस वापरलाच नाही, तर जोडणी तुटते.

लाभ उघड आहेत. भाव, वजन, ट्रकचा क्रमांक, बिल्टीचा तपशील मोठ्या पडद्यावर वाचता येतो; लहान कळफलकावर होणारी आकड्यांची चूक टळते. साठी ओलांडलेल्या व्यापाऱ्याच्या डोळ्यांनाही आराम मिळतो.

अडचण पुढेच आहे. साध्या संदेशांच्या ज्या खिडकीत ट्रकचालकाचा निरोप दिसतो, त्याच खिडकीत बँकेचा ओटीपीही उमटतो. पूर्वी हुंडी मुनीमजी लिहीत, पण तिच्यावर सही शेठजींची असे. धनादेशाचे पुस्तक तिजोरीत राहत असे. आज सहीची जागा बऱ्याच अंशी त्या सहा आकड्यांनी घेतली आहे. बँकेचा पासवर्ड माणसाला ठाऊक असतो आणि ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो. या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी असणे हेच त्या व्यवस्थेचे बळ. पासवर्ड ज्या संगणकात साठवलेला आहे, त्याच संगणकावर ओटीपीही दिसू लागला की दोन कुलुपांच्या किल्ल्या एकाच खिळ्याला टांगल्यासारखे होते. मग त्या खुर्चीवर जो बसेल, त्याच्या हाती मालकाची सही गेली.

याचा परिणाम केवळ तात्त्विक नाही. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसून तिसऱ्याच कोणामुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर त्याच्यावर भार येत नाही. परंतु ग्राहकाच्याच हलगर्जीपणामुळे, म्हणजे गोपनीय तपशील इतरांना दिल्यामुळे, नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचेच. उघड्या पडद्यावरचा ओटीपी कोणत्या बाजूस मोजला जाईल, हा वाद ऐन अडचणीच्या वेळी घालावा लागणे कोणासच परवडणारे नाही.

शासनालाही हा धोका जाणवला आहे. दूरसंचार विभागाने 28 नोव्हेंबर 2025 रोजी संदेशवहनाच्या ॲप-कंपन्यांना निर्देश दिले, की संगणकावरील जोडणी जास्तीत जास्त सहा तासांनी आपोआप तुटावी आणि पुन्हा क्यूआर कोड स्कॅन करूनच सुरू व्हावी. पण पेढीवरील शिस्त पेढीनेच लावायची असते.

ती शिस्त कठीण नाही. बँकेत नोंदवलेला क्रमांक आणि व्यापाराच्या निरोपांचा क्रमांक वेगळे ठेवावेत आणि गल्ल्यावर केवळ दुसरा जोडावा. मुनीमजींना व्यवहाराचे काम द्यायचे असेल, तर मालकाचा ओटीपी न दाखवता त्यांचा स्वतंत्र अधिकार द्यावा. बँकांच्या व्यापारी नेटबँकिंगमध्ये एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजुरी द्यायची, अशी सोय मागता येते. ई-वे बिलाच्या संकेतस्थळावरही उप-वापरकर्ते निर्माण करता येतात. जागेवरून उठताना विंडोजची कळ आणि एल एकत्र दाबून पडदा बंद करावा. महिन्यातून एकदा मोबाइलमधील जोडलेल्या उपकरणांची यादी पाहावी; अनोळखी किंवा वापरात नसलेले नाव लगेच काढून टाकावे. संगणक दुरुस्तीस देताना किंवा विकताना तर ही जोडणी आधी तोडावी. पैशांची फसवणूक झालीच, तर बँकेबरोबर 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे.

या साऱ्याचा मुनीमजींना राग येईल, इतकी वर्षे राहिलेल्या माणसावर अविश्वास दाखवल्यासारखे होईल, अशी शंका पुष्कळ शेठजींना वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ज्या पडद्यावर चौघे जण बसतात, तेथून एखादी रक्कम गेली, तर चौघेही संशयाच्या सावलीत येतात आणि त्यांतील तिघे निरपराध असूनही ते सिद्ध करू शकत नाहीत. वीस वर्षांची सेवा एका दुपारच्या संशयाने मातीमोल होते. प्रत्येकाची नोंद वेगळी असेल, तर ज्याने जे केले नाही, त्याचा पुरावा आपोआपच वहीत राहतो. शेठजींनी हे मुनीमजींना समोर बसवून, याच शब्दांत सांगावे आणि मग दोघांनी मिळून जोडलेल्या उपकरणांची यादी उघडावी.