विजेची मात्रा आणि संगणकाचा वेग

घरांत संगणक एक आणि त्यावर हक्क सांगणारीं माणसें आठ, अशी स्थिति आज अनेक एकत्र कुटुंबांत आहे. टेमघरच्या आमच्या घरींहि तीच आहे. सूनबाई त्यावर चार व्यापाऱ्यांचे हिशेब ठेवते, पुतण्या अभियांत्रिकीचा अभ्यास करतो, आणि आम्ही वडील मंडळी पंचांग व वर्तमानपत्रें पाहतों. तेव्हां एके दिवशीं पुतण्या म्हणाला, "काका, मी याचा वेग थोडा वाढवतों, व्होल्टेज जरा हलवावें लागेल." लगेच माजघरांतून वहिनींचा आवाज आला, "अरे, आधींच भिवंडींत वीज कमीजास्त होत असते, त्यांत तूं आणखी काय हलवणार?"

वहिनींची शंका स्वाभाविक होती. परंतु या दोन गोष्टी निराळ्या आहेत. भिंतींतून येणारी वीज २३० व्होल्टची. संगणकांतील पॉवर सप्लाय तिचे १२ व्होल्ट करतो, आणि मदरबोर्डावरील एक मंडल ते आणखी उतरवून प्रोसेसरला सामान्यतः दीड व्होल्टच्या आंतच देतें. आमच्या टेमघरच्या जलशुद्धीकरण केंद्रांतून निघणाऱ्या मोठ्या नळांतील दाब वेगळा आणि मोरींतील तोटीचा वेगळा, तसेंच हें. पुतण्याला हलवावयाची होती ती शेवटची तोटी. ही तोटी दिवसेंदिवस बारीक होत आली आहे. ज्यांना पेंटियमचे जनक म्हणतात ते विनोद धाम पुण्यांत जन्मले. १९९३ सालचा तो पहिला पेंटियम ५ व्होल्टवर ६० व ६६ मेगाहर्ट्झ वेगानें चाले, आणि पुढल्याच वर्षींच्या नव्या जातीला ३.३ व्होल्ट पुरूं लागले.

व्होल्टेजचा वेगाशीं संबंध काय? प्रोसेसरांत अब्जावधि सूक्ष्म कळा असतात. प्रत्येक टाळीसरशी त्यांनीं उघडावें वा मिटावें लागतें. टाळी जलद केली कीं कळहि जलद हलली पाहिजे, आणि तिला जोर येतो तो व्होल्टेजमुळें. जोर कमी पडला तर कळ पुरती हलण्यापूर्वींच पुढची टाळी पडते व गणित चुकतें. मग व्होल्टेज भरपूर कां देऊं नये? कारण उष्णता वेगाच्या प्रमाणांत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. दोन्ही दहा दहा टक्के वाढविलीं, तर वीज सुमारें तेहतीस टक्के अधिक जळते.

आमच्या चिरंजीवांनीं पहिली चूक येथेंच केली. ताल ३.९ गिगाहर्ट्झवरून ४.१ वर नेला आणि व्होल्टेजच्या पुढें 'ऑटो' असें होतें तें तसेंच ठेवलें. मदरबोर्ड अशा वेळीं पुष्कळदां गरजेहून अधिक देतो, आमच्यानें १.४२ व्होल्ट दिले. पंखा घरघरूं लागला, तापमान ९१ अंशांवर गेलें. उघडून पाहतों तों पंख्याखालच्या पात्यांत मागांच्या कापसाचा तंतु गादीसारखा बसलेला! भिवंडीकरांस हें नवल नाहीं. कोणतेंहि व्होल्टेज हलविण्यापूर्वीं कुंचला घेऊन तेवढें साफ करावें.

अति व्होल्टेजनें प्रोसेसर तत्काळ जळतोच असें नाहीं. आंतील तारांतले धातूचे अणु हळूहळू सरकतात आणि झीज पुढें दिसते. बनविणारेहि येथें चुकले आहेत. २०२३ मध्यें कांहीं रायझन ७००० प्रोसेसर जळाले, तेव्हां एएमडीनें एका व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घातली. इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढींतील कांहीं प्रोसेसर गरजेहून अधिक व्होल्टेज मागून स्वतःची हानि करून घेत. २०२४ मध्यें कंपनीला सुधारणा पाठवावी लागली आणि हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढवावी लागली. तेव्हां 'ऑटो' म्हणजे जाणत्याचा निर्णय, असें समजूं नये.

हें वाचून पुतण्या दुसऱ्या टोकाला गेला. व्होल्टेज एकदम १.१५ वर आणलें. यंत्र सुरू झालें, थंड राहिलें, सर्वांनीं वाहवा केली. चौथ्या दिवशीं सूनबाईनें तीन महिन्यांच्या हिशेबांचा बांधलेला गठ्ठा उघडावयास घेतला, तो उघडेना. पेन ड्राइव्हवर प्रत होती म्हणून निभावलें. पण तिचा चेहरा मी विसरलों नाहीं. यंत्र बंद पडलें असतें तर बरें झालें असतें. त्यानें चुकीचें लिहिलें आणि तें गप्प राहिलें. शाळेंत असा विद्यार्थी मला फार जड जाई.

यावर उपाय परीक्षेचाच आहे. प्राइम९५ नांवाचा कार्यक्रम मोठाल्या मूळ संख्या शोधण्यासाठीं केलेला आहे. तो ज्यांचीं उत्तरें आधींच ठाऊक आहेत अशीं गणितें प्रोसेसरकडून तासन्‌तास करवून घेतो आणि उत्तर ताडून पाहतो. १.१५ वर आमचें यंत्र कांहीं मिनिटांत नापास झालें. १.२० वर दोन तास टिकलें व चुकलें. १.२२५ वर रात्रभर एकहि चूक नाहीं. तरी पुतण्यास मीं १.२५ वर थांबावयास लावलें, कारण ती परीक्षा पौषांतली होती. खोली बारा अंशांनीं तापली तर प्रोसेसरहि साधारण तितकाच अधिक तापतो. आतां पुऱ्या भारावर ७८ अंश होतात; 'ऑटो'नें घेतलेलें व्होल्टेज याच वेगाला सुमारें एकोणतीस टक्के अधिक वीज जाळीत होतें.

कोणास करावयाचें असल्यास आधीं प्रोसेसर मोकळा आहे कीं नाहीं तें पाहावें; इंटेलच्या ज्यांच्या नांवांत 'के' नाहीं, ते बहुधा बंद असतात. लॅपटॉपच्या वाटेस जाऊं नये. वेगवाढीनें झालेली हानि हमींत बसत नाहीं, हेंहि ध्यानांत असावें. मूळचे आंकडे कागदावर लिहून घ्यावे, महत्त्वाच्या प्रती दुसरीकडे ठेवाव्या, एका वेळीं एकच आंकडा हलवावा.

मिळालें काय? पांच टक्के वेग. तासाचें काम सत्तावन्न मिनिटांत. वहिनींनीं विचारलें, "मग त्या तीन मिनिटांचें करणार काय?" पुतण्या हसला, उत्तर दिलें नाहीं. सूनबाईनें मात्र अट घातली आहे कीं महिन्याच्या अखेरच्या आठवड्यांत कोणीहि त्या यंत्राला हात लावावयाचा नाहीं. आंकड्यांचा कागद कपाटाच्या दाराला आंतून चिकटविला आहे, आणि वैशाखांत, भर दुपारीं, परीक्षा पुन्हां घ्यावयाची ठरली आहे.