पैसा कोणाचा, मत कोणाचे?

कुणबी नोंद, हैदराबाद गॅझेट आणि इतर मागासवर्गीयांचा वाटा हे शब्द आज परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत, जिंतूरपासून सोनपेठपर्यंत, पारावरच्या बोलण्यात रुळले आहेत. लोकशाहीत असे व्हावेच. शेतकऱ्याचा मुलगा सरकारी निर्णयाची तारीख बिनचूक सांगतो ह्याचे आम्हांला कौतुक वाटते. परंतु त्याच मुलास असे विचारावे की, बाबा रे, हे सर्व ज्या वर्तमानपत्रात तू वाचलेस त्याचा मालक कोण, त्या दिवशीच्या पहिल्या पानावरील जाहिरात कोणी दिली होती, आणि ज्या पुढाऱ्याचे भाषण तेथे चार स्तंभांत झळकले त्याच्या पक्षाला पैसा कोठून येतो, तर तो गप्प राहील. ही माहिती त्याला कोणी दिलेलीच नाही. आरक्षण कोणास असावे ह्याची चर्चा आज आम्हांला करावयाची नाही. आरक्षणाविषयी जे लिहितात व बोलतात त्यांच्याविषयी, म्हणजे पर्यायाने आमच्या स्वतःच्या धंद्याविषयी, लिहावयाचे आहे.

हा प्रश्न आरक्षणाइतकाच जुना आहे. २६ जुलै १९०२ रोजी छत्रपती शाहू महाराजांनी करवीर संस्थानात रिक्त होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हा पुण्याच्या पत्रांनी त्यावर टीका केली. पुढे जानेवारी १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढले. त्याची जाहिरात, पैसे देऊ केले असताही, ‘केसरी’ने छापली नाही. मुंबई इलाख्यातील पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहतात व इतरांच्या हिताची पर्वा करीत नाहीत, ही तक्रार ‘मूकनायका’च्या पहिल्याच अंकात आहे. तथापि येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘मूकनायका’लाही पैसा लागलाच, आणि अडीच हजार रुपये शाहू महाराजांनी दिले. म्हणजे आरक्षणाचा हुकूम काढणारा राजाच आरक्षणाचा पक्ष मांडणाऱ्या पत्राचा आश्रयदाता होता! मग जाहिरात नाकारणारे पत्र तेवढे पक्षपाती आणि देणगी घेणारे निःपक्षपाती, असे आम्ही म्हणावे काय? आम्ही तसे म्हणत नाही. पक्ष दोहोंनाही होता. ‘मूकनायका’ने तो आपल्या नावातच जाहीर केला होता, आणि दोनच महिन्यांनी माणगावच्या परिषदेत महाराजांनी स्वतः उपस्थित राहून डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व सर्वांसमक्ष गौरविले. देणारा उघड, घेणारा उघड. वाचकाने काय ते ठरवावे.

आमच्या मराठवाड्याचा अनुभव ह्याहून कडू आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि परभणी-नांदेडकडील दलित वस्त्यांना आगी लागल्या. वाद नावाचा होता खरा, पण त्याच्या बुडाशी शिष्यवृत्त्या, राखीव जागा आणि नोकऱ्या ह्यांविषयीची असूया धुमसत होती. ‘मराठवाडा’ दैनिकाने त्या वेळी नामांतराच्या विरोधाची बाजू घेतली. त्याचे संपादक अनंत भालेराव हे हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिक. कोणा धनिकाने त्यांची लेखणी विकत घेतली असे त्यांच्या विरोधकांनाही म्हणता आले नसते. हे उदाहरण आम्ही मुद्दाम देत आहो. पैशाने होणारा पक्षपात निदान हिशेबाच्या वहीत सापडतो. प्रामाणिकपणे होणारा पक्षपात वहीत सापडत नाही, तो संपादकांच्या खोलीत कोण बसते आणि कोण बसत नाही ह्यावर अवलंबून असतो. २००६ साली उच्च शिक्षणातील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणावरून दिल्लीत निदर्शने चालली असता अनिल चमडिया, जितेंद्र कुमार व योगेंद्र यादव ह्यांनी राजधानीतील ३७ वृत्तपत्रे व वाहिन्यांमधील ३१५ वरिष्ठ पत्रकारांची पाहणी केली. त्यांत दलित वा आदिवासी एकही निघाला नाही. आरक्षणावर देशाचे मत म्हणून जे छापले जात होते ते ह्या ३१५ जणांच्या हातून जात होते.

आता पैशाकडे वळू. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील पत्रांनी उमेदवारांची स्तुती बातमीच्या वेषात छापली, हे पी. साईनाथ ह्यांनी उघडकीस आणले. एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणविणाऱ्या दैनिकांत तोच मजकूर शब्दशः उमटला होता. वृत्तपत्र परिषदेने नेमलेल्या दोघा सदस्यांनी देशभर चौकशी करून नावानिशी अहवाल लिहिला. २०१० मध्ये परिषदेने तो पूर्ण प्रसिद्ध केलाच नाही. पुढल्या वर्षी केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशामुळे तो बाहेर पडला. जगाला पारदर्शकतेचे पाठ देणारी आमची जमात स्वतःच्या वहीवर अशी हात ठेवून बसते! पक्षांची तऱ्हा तीच. २०१८ पासून सुमारे १६,५०० कोटी रुपयांचे निवडणूक रोखे विकले गेले. कोणी कोणास किती दिले हे मतदारास कळण्याची सोय नव्हती. मतदाराच्या माहितीच्या अधिकाराचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती योजना रद्द केली, तेव्हा याद्या उघड झाल्या.

ह्या अंधारात जातीचा वा वंशाचा प्रश्न सापडला म्हणजे काय होते, हे दक्षिण आफ्रिकेने भोगले आहे. मूळचे सहारनपूरचे गुप्ता बंधू तेथे गेले, राष्ट्राध्यक्ष झुमा ह्यांच्या निकट पोचले, आणि २०१० मध्ये ‘द न्यू एज’ हे दैनिक व २०१३ मध्ये एक वृत्तवाहिनी त्यांनी काढली. सरकारी संस्थांच्या जाहिराती त्या दैनिकाकडे वाहू लागल्या. पुढे सरकारी कंत्राटांवरून ओरड झाली तेव्हा त्यांच्या कंपनीने २०१६ मध्ये लंडनची ‘बेल पॉटिंजर’ ही प्रसिद्धीसंस्था नेमली, आणि ‘गोऱ्यांचे मक्तेदार भांडवल’ ह्याविरुद्ध एकाएकी मोहीम पेटली. त्या देशाची संपत्ती गोऱ्यांच्या हाती एकवटली आहे, कृष्णवर्णीयांच्या आर्थिक हक्काची मागणी न्याय्य आहे, ह्यांत खोटे काय होते? काहीच नव्हते. खऱ्या दुःखाला भाड्याचा आवाज मिळाला होता, एवढेच. आणि त्या गोंगाटात कंत्राटांचा प्रश्न बुडावा अशी योजना होती. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिटनमधील व्यावसायिक संघटनेने त्या संस्थेची हकालपट्टी केली व ती संस्था बुडाली. वंशावंशांत वाढलेला कडवटपणा मात्र तेथेच उरला.

महाराष्ट्रात असे भाडोत्री कारस्थान घडले असे आम्ही म्हणत नाही. मालकी व राजकारण ह्यांची गाठ मात्र येथेही घट्ट आहे. ‘सामना’ हे शिवसेनेचे मुखपत्र, ते १९८८ पासून तसे म्हणवूनच निघते. मराठा आरक्षणासंबंधी २०१४ मध्ये अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष नारायण राणे, आणि ‘प्रहार’ दैनिक २००८ मध्ये त्यांनीच सुरू केलेले. ह्यांत आक्षेपार्ह काही नाही, कारण हे उघड आहे. आमचा आक्षेप न दिसणाऱ्या देवघेवीस आहे. २६ एप्रिल २०२४ रोजी परभणीत लोकसभेचे मतदान झाले. संजय जाधव व महादेव जानकर ह्यांच्यातील त्या लढतीचे वर्णन मराठा मते इतके लाख, धनगर इतकी, वंजारी इतकी असे चालले होते. हे कोणी मोजले? १९३१ नंतर सर्व जातींची गणती प्रसिद्धच झालेली नाही. २०११ च्या पाहणीतील जातींचे आकडे दाबून ठेवले गेले. नव्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ ठरविण्यात आला. तोवर जो कोणी लाखांत बोलतो त्याचे आकडे कोणा तरी पक्षाच्या वा पाहणी कंपनीच्या मेजावरून आलेले असतात, आणि त्या कंपनीचे बिल कोणी भरले हे त्यांखाली लिहिलेले नसते.

ह्याची किंमत कोण देतो? आरक्षणाचे प्रमाण पाहा. अनुसूचित जाती १३ टक्के, जमाती ७, इतर मागासवर्ग १९, विमुक्त व भटके ११, विशेष मागास २. त्यावर २०२४ च्या कायद्याने मराठा समाजास दिलेले १० आणि आर्थिक दुर्बलांचे १०. बेरीज ७२ टक्के. पण ७२ टक्के कशाचे? अंतरवाली सराटीत आंदोलकांवर १ सप्टेंबर २०२३ रोजी लाठीमार झाला. ६ सप्टेंबरला राज्य सरकारने खाजगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. ऑक्टोबरात तो मागे घेतला गेला. काही पत्रांनी त्याविरुद्ध लिहिलेही. तरी त्या दोन महिन्यांत मराठा विरुद्ध ओबीसी ह्या सामन्यास जेवढी पाने मिळाली, त्याच्या किती अंश त्या निर्णयाला मिळाली? पालमचा मराठा तरुण व गंगाखेडचा वंजारी तरुण एकमेकांकडे डोळे वटारून पाहत असता ज्या जागेसाठी ते झगडत आहेत ती जागाच नाहीशी होते की काय, हे पाहणे वर्तमानपत्राचे पहिले काम होते.

१९५६ च्या नियमांनी वर्तमानपत्रांवर एक बंधन घातले होते. दरवर्षी फेब्रुवारी संपताच येणाऱ्या अंकात मालकाचे नाव व एक टक्क्याहून अधिक भांडवल असणाऱ्या भागीदारांची नावे छापावयाची. बहुतेक पत्रे ते निवेदन मुंगीच्या अक्षरांत छापीत. मालक कळतो, पण पोशिंदा कळत नाही, ही त्यातली उणीव. ती कायद्याने भरून निघेल तेव्हा निघो. पुढील महिन्याच्या १ तारखेपासून ह्या दैनिकाच्या शेवटच्या पानावर एक चौकट येईल. मागील महिन्यात सरकारी खाती व महामंडळे, राजकीय पक्ष, साखर कारखाने, शिक्षणसंस्था व बँका ह्यांच्या जाहिरातींपासून आमच्या उत्पन्नाचा किती वाटा आला, हे तीत आकड्यांनी दिलेले असेल. ज्या जातीय आकडेवारीचा पुरवठादार व खर्च करणारा आम्हांस कळणार नाही ती आम्ही छापणार नाही. आमच्या जाहिरात विभागाने ह्यावर नाराजी नोंदविली आहे, विशेषतः एका नियमाबद्दल, पण तोही कायम राहील: पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात त्याने स्वतः दिलेली असो की त्याच्या ‘मित्रमंडळा’ने, चौकटीत ती त्या पुढाऱ्याच्याच पक्षाच्या खाती मांडली जाईल.