विश्लेषण : मालिकांमधली नागपुरी नागपूरकरांनाच का खटकते?

मालिकेतले एखादे पात्र ‘काहून बे’ म्हणाले, की नागपुरातला प्रेक्षक हातातला मोबाइल खाली ठेवून कान टवकारतो. कथानक, ट्विस्ट, अभिनय हे सगळे नंतर. ‘हा आपल्याकडचा वाटतो का?’ याचा निकाल आधी लागतो आणि बऱ्याचदा तो कलाकाराच्या विरोधात जातो. ही नाराजी केवळ प्रादेशिक अभिमानातून येते, की कामातच काही कमी राहते?

राधिकाने काय बदलले?

‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका ‘झी मराठी’वर २२ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झाली आणि मार्च २०२१ पर्यंत चालली. नायिका राधिका सुभेदार नागपूरची. तिचे बोलणे-वागणे मुंबईत स्थिरावलेल्या गुरुनाथला (अभिजीत खांडकेकर) गावंढळ वाटते आणि तो शनायाकडे (रसिका सुनील) ओढला जातो. म्हणजे इथे बोली ही फोडणीपुरती नव्हती, संसारातल्या भांडणाचे ती एक कारण होती. पुढे हीच राधिका मसाल्यांचा व्यवसाय उभा करते. वैदर्भीय बोली बोलणारी बाई रोजच्या मालिकेच्या केंद्रस्थानी साडेचार वर्षे राहिली, ही मराठी टीव्हीवर सहसा न घडणारी गोष्ट होती.

राधिका साकारणाऱ्या अनिता दाते मूळच्या नाशिकच्या. त्यांच्या बोलण्यात अधूनमधून प्रमाण मराठीची वळणे येतात, हे विदर्भातल्या कानाला जाणवते. मात्र लग्नानंतर अनेक वर्षे मुंबईत राहिलेल्या बाईची बोली अशी मिसळलेली असणे अशक्य नाही. त्यामुळे उच्चारांना काही गुण कमी दिले, तरी पात्र खोटे ठरत नाही.

खटकते ते नेमके काय?

अडचण बहुधा शब्दांची नसते, वाक्याच्या सांगाड्याची असते. संवाद प्रमाण मराठीत लिहायचा आणि मग त्यात ‘काहून’, ‘बे’, ‘बाप्पा’ पेरायचे, ही सोपी पद्धत. त्यातून ‘काय करतोयस बे?’ असे वाक्य तयार होते. नागपूरकर ते ‘काय करून राहिला बे?’ असे म्हणेल. ‘करतोयस’ तसेच ठेवून पुढे ‘बे’ जोडला, की बोली उसनी असल्याचे लगेच कळते.

दुसरी चूक नात्यांची. ‘बे’ हा बरोबरीच्या मित्रांतला शब्द आहे. वडीलधाऱ्यांशी बोलताना तो येत नाही. तिथे ‘जी’ येते, ‘भाऊ’ किंवा ‘काका’ येते. पात्र सासऱ्यासमोर ‘बे’ म्हणू लागले, तर ते नागपुरी नव्हे, उद्धट वाटते. तिसरी चूक सुराची. प्रत्येक वाक्य मोठ्याने आणि हेल काढून म्हटले, की झाली वैदर्भीय बोली, हा समज.

नागपुरी बोली एकच आहे का?

नाही. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०५ मधील खंडात वऱ्हाडी आणि नागपुरीची एकत्र चर्चा केली आहे. पण प्रत्यक्ष बोलण्यात फरक आहेत. वऱ्हाडात ‘मले-तुले’ सर्रास, शिवाय ‘ळ’चा ‘य’ होऊन ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. नागपूर शहरातल्या अनेक घरांत मात्र ‘मला-तुला’च बोलतात, त्यांचे नागपूरकर असणे ‘जाऊन राहिलो’, ‘बघून राहिली’ यातून कळते. ही रचना हिंदीतल्या ‘जा रहा हूँ’ची सख्खी बहीण वाटते आणि त्यात नवल नाही. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती; १९५६ च्या पुनर्रचनेपर्यंत हिंदी आणि मराठी भाषक एकाच राज्यात होते. अकोल्याच्या शेतकऱ्याची आणि धरमपेठेतल्या वकिलाची बोली एकाच साच्यातून काढली, तर दोघेही नाराज होणार.

बोली फक्त विनोदापुरतीच?

‘चला हवा येऊ द्या’ २०१४ मध्ये सुरू झाले आणि भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी राज्यभर पोहोचली. ते मूळचे अमरावती जिल्ह्यातले. त्यांच्या विनोदात बोली चिकटवलेली वाटत नाही, कारण हशा शब्दाच्या उच्चारावर नाही, प्रसंगावर आणि टायमिंगवर येतो. जुलै २०२५ मध्ये कार्यक्रम नव्या पर्वासह परतला. सूत्रसंचालक म्हणून आले ते एकेकाळचे ‘गुरुनाथ’, अभिजीत खांडकेकर.

त्यामुळे विनोदात बोली असणे ही तक्रार नाही. ती इतरत्र नसणे ही तक्रार आहे. मालिकेतला डॉक्टर, न्यायाधीश किंवा कंपनीचा मालक वैदर्भीय बोलताना क्वचितच दिसतो. ही बोली बहुतेक वेळा नोकर, विसरभोळा पाहुणा किंवा हसवणारा मित्र यांच्याच वाट्याला येते.

स्थानिक कलाकार का दिसत नाहीत?

पहिले कारण अंतराचे. रोजच्या मालिकेचे काम सतत चालू असते आणि हा उद्योग मुंबईभोवती एकवटला आहे. तरीही ‘तुझ्यात जीव रंगला’ने कोल्हापूर आणि ‘रात्रीस खेळ चाले’ने सिंधुदुर्ग गाठले, या दोन्ही मालिकाही २०१६ च्याच. विदर्भाच्या वाट्याला अशी मुक्कामी मालिका सहसा आली नाही.

कलाकारांची वानवा आहे, असे म्हणता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र आहे. धानाच्या कापणीनंतर तिथल्या गावांत रात्र-रात्र नाटके रंगतात. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ (२०२२) या हिंदी चित्रपटात नागपूरचीच मुले होती. त्यांतील अंकुश गेडाम याला पदार्पणासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

टीआरपीत हे का दिसत नाही?

टीआरपी किती जणांनी भाग पाहिला ते सांगतो. उच्चार पटला का, हे सांगत नाही. चिडून पाहणारा आणि आवडीने पाहणारा, दोघेही आकड्यात सारखेच. त्यामुळे बोली सुधारण्याचा दबाव आकड्यांतून येत नाही.

नुकसान मात्र टीव्हीबाहेर होते. पुण्या-मुंबईत शिकायला किंवा नोकरीला गेलेला विदर्भातला मुलगा ‘येऊन राहिलो’ म्हणतो, तेव्हा समोरचा हसतो. कारण ही बोली त्याने विनोदी पात्रांच्याच तोंडी ऐकलेली असते. काही महिन्यांत तो मुलगा ‘येतोय’ म्हणायला शिकतो. बोलीची जाण असलेला एक संवादलेखक आणि सेटवर चुका थांबवणारा एक माणूस, एवढी सोय केली तरी बराच फरक पडेल. मालिकेच्या रोजच्या खर्चात ही रक्कम मोठी नाही.