फादो कोणाच्या घरचा?

गोव्याच्या फादो गायिका सोनिया शिरसाट यांचे नाव निघाले की आमच्या साहित्यिक मित्रमंडळींत एक ठरीव आक्षेप निघतोच: ज्यांना १९६१ साली घालवले, त्यांचे उसासे आपण का गावेत? हा आक्षेप आम्हांला देशाभिमानाचा नव्हे, आळसाचा वाटतो.

मुळात फादो राज्यकर्त्यांचा होता कधी? लिस्बनच्या मोरारिया, आल्फामा या वस्त्यांत खलाशी, हमाल आणि वेश्या यांच्यात तो वाढला. त्याची पहिली दंतकथा ठरलेली मारिया सेवेरा १८४६ साली ऐन पंचविशीत गेली. कित्येक अभ्यासक तर त्याचे मूळ ब्राझीलमधल्या आफ्रिकी गुलामांच्या नृत्यगीतांत शोधतात. सालाझारच्या राजवटीने त्याचे शब्द तपासले, त्याला दर्शनी खांब बनवले. आणि म्हणूनच १९७४ च्या क्रांतीनंतर खुद्द पोर्तुगालमधल्या डाव्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. आमच्या मित्रांचा आक्षेप, थोडक्यात, लिस्बनमध्ये आधीच वापरून जुना झालेला आहे. २०११ साली युनेस्कोने फादोला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात घेतले, तेव्हा तिथे तो कोणी उगाळत बसले नव्हते.

पण आमचा मुद्दा इतिहासापेक्षा गायकीचा आहे. पणजीच्या माला भागात 'माद्रागोवा' नावाची छोटी जागा आहे. तिथे बारा तारांची पोर्तुगीज गिटार आणि साधी गिटार एवढ्याच साथीवर, हाताच्या अंतरावर बसलेल्या श्रोत्यांपुढे शिरसाट गातात. गाण्याआधी त्याचा आशय समजावून सांगतात. याला कोणी शिकवणीवर्ग म्हणेल. आम्ही म्हणू, परक्या भाषेतले दुःख सभ्यपणे घरात आणण्याची ही रीत आहे. बैठकीच्या लावणीत अदेचा अर्थ समोरच्या चार माणसांच्या डोळ्यांत पाहूनच पुरा होतो. मोठ्या रंगमंचावर तीच अदा कवायत होते. फादोचेही तसेच. तिथे मांडोही गायला जातो, हे आक्षेपकांनी ध्यानात घ्यावे: कोंकणी विरह आणि पोर्तुगीज 'सौदाद' एकाच छपराखाली.

ब्राह्मणपुरीत बसून फादोवर लिहिणे कोणाला हास्यास्पद वाटेल. वाटो. श्रावणात कानबाईसमोर बायका रात्रभर गातात, ते गाणे आम्ही अंगणात बसून ऐकले आहे. डीजेच्या ट्रॉलीमागे तेच गाणे ऐकताना त्यातली बाई कुठे गेली असे वाटते. जवळून गाणे म्हणजे काय, हे कळायला लिस्बनला जावे लागत नाही.

फादोबद्दल धास्ती बाळगायचीच तर ती वेगळी आहे. लिस्बनमध्ये पर्यटकांच्या जेवणाबरोबर तो वाढला जातो, आणि गोव्याचा पर्यटन व्यवसाय अशा गोष्टी फार लवकर शिकतो. काट्याचमच्यांच्या खणखणाटात गिटारचा पहिला सूर बुडाला, तर तेव्हा आम्हीही आक्षेप घेऊ. आणि त्यात १९६१ चा उल्लेख नसेल.