बेटावरचा रविवार

सुट्टीचा दिवस कोणाच्या मालकीचा? स्कॉटलंडच्या वायव्येस असलेल्या लुईस बेटावर हा वाद कित्येक वर्षे चालू आहे. तेथील फ्री चर्चच्या परंपरेत रविवार म्हणजे शब्बाथ. त्या दिवशी दुकाने बंद, प्रवास बंद. एके काळी मुलांच्या बागेतले झोपाळेदेखील बांधून ठेवीत!

पण काळ थांबत नाही. २००२ साली स्टॉर्नोवे विमानतळावर रविवारची विमानसेवा सुरू झाली. १९ जुलै २००९ रोजी उलापूलला जाणारी रविवारची पहिली बोट सुटली. धक्क्यावर शेकडो लोक आनंदाने जमले होते. बाजूला काही श्रद्धाळू प्रार्थना करीत होते. एका धर्ममतापायी सेवा नाकारणे समानतेच्या कायद्यात बसत नाही, असे बोट कंपनीचे म्हणणे होते. नोव्हेंबर २०२४ पासून तेथील टेस्कोचे दुकानही रविवारी उघडू लागले.

आम्हांला वाटते, आजारी आईला भेटायला पलीकडे निघालेल्या लेकीला दुसऱ्याच्या श्रद्धेने अडवू नये. शब्बाथ ज्याला पाळायचा त्याने खुशाल पाळावा. मात्र त्याच श्रद्धेने कष्टकऱ्याला आठवड्यातून एक दिवस विसावा दिला होता, हे विसरून कसे चालेल? बोटीवरचा खलाशी, गल्ल्यावरची बाई यांचा रविवार गेला, तर हक्काचा दुसरा दिवस त्यांना मिळालाच पाहिजे. हे पाहणे चर्चचेही काम आहे आणि चर्चच्या विरोधकांचेही. धर्माची सक्ती गेली, चांगलेच झाले. तिच्या जागी मालकाची सक्ती येता कामा नये!